पाय सरळ ठेवायचा

आईच्या हृदयातली झडप कडक होऊन आकसली होती. चार पावलं चालली की धाप. पूर्वी ती छाती उघडूनच बदलायचे, आणि आईचं वय बघून दोन डॉक्टरांनी हात वर केले होते. मग जळगावात कळलं की आता मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी घालून नवी झडप बसवतात. बसवली. दुपारी आई बोलायला लागली आणि मी रडलेच, बाई!

नर्सनं बजावलं होतं, "सहा तास उजवा पाय सरळ. वाकवला तर मांडीतून रक्त सुटेल, आवरता येणार नाही." मी खुर्ची पलंगाला चिकटवून राखणीला बसले. आईनं नुसती कूस बदलू म्हटलं तरी मी डोळे वटारत होते.

चौथ्या तासाला दार उघडलं आणि सोनगीरहून आबा आले. आबा म्हणजे माझे थोरले काका, आईचे जेठ. आमच्याकडे जेठासमोर भावजय पडून राहत नाही, डोकं उघडं ठेवत नाही. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं! पण त्यांना दाराबाहेरच थोपवावं, एवढं सुचलं नाही. अक्कल शेण खायला गेली होती माझी.

आईनं चादर डोक्यावर ओढली आणि गुडघा दुमडून उठलीसुद्धा. गादीवर लाल डाग उमटला, बघता बघता ताटाएवढा झाला.

"आबा, बाहेर व्हा!" मी किंचाळले. जन्मात त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता. नर्स धावत आली, दोन्ही हातांनी मांडी दाबून धरली. "झोपा आजी, झोपा!" मी खांदे खाली रेटत होते, पण आई कोपरावरून हलेना. ओठ पांढरे पडले तरी नजर दाराकडेच. जीव गेला असता, पण रीत सोडली नसती! असा संताप आला मला तिचा.

आबा दारात थिजले होते. त्यांनी आमच्याकडे पाठ फिरवली आणि म्हणाले, "पडी ऱ्हाय वं माय, पडी ऱ्हाय."

आई गपकन आडवी झाली. नर्सनं अर्धा तास हात काढला नाही, तेव्हा कुठे रक्त थांबलं. आबा तोवर तसेच, भिंतीकडे तोंड करून उभे.

एका घरात पंचेचाळीस वर्षं काढली दोघांनी. भाकर वाढ म्हणायचं तरी आबा मला सांगायचे, 'तुझ्या आईला सांग.' तिच्याशी ते बोलले ते हे पहिलंच.