आक्काचं ऊन

साऱ्या नाशकात ऊन वाया जातं म्हणून जीव जाळून घेणारी बाई एकच, ती म्हणजे माझी थोरली जाऊ. लोक नळ वाहता राह्यला की ओरडतात, आमची आक्का पत्र्यावर नुसतं पडलेलं ऊन बघून हळहळायची. "बघ गं, एवढं पडलंय आन् कुणाच्या कामाचं नाय," म्हणायची, जसं कुणी ताटात भाकर टाकून उठलंय. लग्नातलं तिचं कपाट गंजलं तवा तिनं ते भंगारवाल्याला दिलं, पण आरशाचं दार काढून ठेवलं. तो म्हणला, "मावशी, दाराबिगर कपाट घेऊन मी काय करू?" ही म्हणली, "मंग नको नेऊ. मला ऊन धरायला दार लागतं." तो बिचारा कपाट घेऊन गेला, वळून वळून बघत.

कुणाच्याही घरी गेली की पाणी प्यायच्या आधी ती उजेड कुठून येतो आन् कुठं जातो ते बघायची. चांदवडला आमच्या भाचीला बघायला पाव्हणे आले होते. पोरगी सावळी, बसवली कोपऱ्यात. आक्कानं गुपचूप पितळी परात दारातल्या उन्हात तिरपी लावली, पोरीच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून. तो पडला नवरदेवाच्या मामाच्या टकलावर. पोरीपेक्षा मामाच उजळला. सगळे त्याच्याकडंच बघायला लागले आन् त्याला वाटलं आपला मान चाललाय, त्यानं खुशीत होकार देऊन टाकला. आक्का आजही म्हणती, ते लग्न परातीनं जमवलं.

उजेड कशावर पडला की काय करतो, ते तिचं ठरलेलं होतं, आन् ती ते माणसांसारखंच सांगायची. "आरसा सरळ माणूस. जसं आलं तसं देतो, पण एकालाच देतो, बाकीचे बसले अंधारात. पाणी नाचरं, त्याच्या हातून काय एका जागी पडायचं नाय. काळं रबर गिळून बसतं, ढेकर सुदिक देत नाय. आन् चुन्याची भिंत, ती वाटून खाती. सगळ्यांना थोडं थोडं." हे ऐकून मी हसायची. मंग हसायचे दिवस सरले.

आमच्या मालकांचा, म्हणजे आक्काच्या दिराचा, हात सातपूरला एका वर्कशॉपात प्रेसखाली सापडला. बोटं गेली, काम गेलं. मी घरी रबराच्या वायसर, नळात बसतात त्या चकत्या, साफ करायचं काम आणलं. कडेला राह्यलेला फालतू रबर दाढीच्या पत्तीनं कापायचा, बस. पण आमची खोली बोळीच्या टोकाला, अंधारी, आन् घरमालक दिवसा लाईटचं बटण बंद करायचा. काळं रबर, काळी खोली. माझा काप वाकडा जायचा, माल परत यायचा. सुपरवायझर म्हणला, "बाई, अजून एकदा परत आला तर काम दुसरीला देतो." चूल त्याच्यावरच होती. मी रडली नाय, रडून दिसायचं थोडंच होतं. मी फक्त आक्काला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती कपाटाचं दार डोक्यावर घेऊन आमच्या गच्चीवर चढली. तिथून ऊन खाली फेकलं समोरच्या भिंतीवर, तिथं खिळ्याला स्टीलचं ताट टांगलं, आन् ताटावरून ते माझ्या खोलीत. आलं ते थेट डोळ्यात. पत्ती चमकायची, डोळ्याला पाणी यायचं, आन् रबर तसंच काळं. वर सूर्य काय एका जागी बसत नाय. तो सरकला की उजेड ताटावरून घसरायचा आन् त्याच भिंतीतल्या खिडकीत शिरायचा. त्या खिडकीत थर्ड शिफ्टवाला शेजारी दिवसा झोपायचा, त्याला सगळे भाऊ म्हणायचे.

भाऊ बनियनवर बाहेर आला. "आक्का, रातभर मशीनवर उभा राहून आलोय. तुमचं ऊन माझ्या तोंडावर कशाला?"

"तुझ्यावर नाय रे, ताटावर होतं. तूच मधी आला."

"मी खाटेवर हाय, आक्का."

असं रोज चाललं. शेवटी आक्का गच्चीवर गुमान बसून राह्यली, गुडघ्यावर हनुवटी ठेवून. मला वाटलं, थकली. खाली उतरली आन् कुठून तरी चुन्याची बादली घेऊन आली. भाऊ घोरत होता. तिनं ताट काढलं आन् त्याची धुरानं काळी झालेली भिंत चुन्यानं रंगवून काढली.

भाऊ संध्याकाळी दात घासत बाहेर आला, भिंत बघून आत गेला, परत बाहेर आला. "आक्का, हे कुणाला विचारून?"

"तू झोपला होता. उठवलं असतं तर परत वरडला असता."

त्यानं तोंडातला फेस थुंकला, भिंतीला हात लावून बघितला. "खिडकीखालचा तुकडा राह्यलाय," म्हणला, आन् ब्रश तिच्या हातातून घेऊन स्वतःच मारला.

दुसऱ्या दिवशी आरशाचं ऊन त्या पांढऱ्या भिंतीवर पडलं, खिडकीच्या चांगलं खाली, आन् माझी खोली दुधासारखी उजळली. डोळ्यात घुसत नव्हतं, सावली आड येत नव्हती. काळ्या रबराची कड सुदिक दिसायला लागली. बाया गहू निवडायला बोळीत येऊन बसायला लागल्या. आमचे मालक इतके दिवस आतल्या कोपऱ्यात तोंड करून असायचे, ते फडक्यात गुंडाळलेला हात घेऊन दारात येऊन बसले. माल परत आला नाय. त्या कामावर मी पोरं वाढवली.

आता आमचे मालक राह्यले नाय, पोराचा फ्लॅट हाय, गॅलरीत ऊन हाय. आक्काला लेकरू नाय, ती आमच्याकडंच असती. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले. ते कपाटाचं दार मी आणलंय. रोज सकाळी गॅलरीत लावते आन् कवडसा तिच्या हातावर टाकते. ऊब लागली की तिला बरोबर कळतं. "मनगटावर आलं. जरा वर घे."

परवा मी तांदूळ निवडत तिच्या समोर बसली होती. तिनं हात कवडशातून काढून घेतला. म्हणली, "माझ्यावर कशाला वाया घालवती? मी आता काळं रबर झाले. तुझ्या तांदळावर टाक."

मी म्हणलं, "आक्का, तुम्ही चुन्याची भिंत हाय. तुमच्या पदराबाहेरच्या पांढऱ्या केसांवरून येतंय ना, त्याच्यातच मी खडे वेचते."

तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला.