गाठमास्तरांच्या तुळया

सॉ मिलमध्ये त्यांना खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. गाठमास्तर म्हणजे गाठमास्तर! एकवीस वर्षं त्यांनी लाकडातल्या गाठी तपासल्या. तुळई समोर आली की ती चारी बाजूंनी फिरवायची, गाठीवर पट्टी धरायची, बोटानं ठोकून बघायची. मग पास असेल तर शिक्का, नाहीतर लाल खडूची फुली. मालक कितीही घाईत असो, मास्तरांचा हात आपल्याच चालीनं चालायचा.

"अहो, जावई पसंत करताय का?" मालक करवादायचा.

"जावयाखाली पोरं बसत नाहीत, छपराखाली बसतात," एवढं बोलून मास्तर पुढची तुळई ओढायचे.

त्यांच्या निवृत्तीला आठ महिने उरले असताना सरकारनं नवं धोरण काढलं. सरकारी इमारतींची छपरं यापुढे आपल्याच जंगलांतल्या लाकडाची, बाहेरून आणायचं नाही. मिलला पहिलीच ऑर्डर मिळाली ती सहा वर्गांच्या शाळेची. आणि लाकूड कुठलं, तर टेकडीवरच्या पाइनच्या प्लॉटमधलं. हा प्लॉट चौतीस वर्षांपूर्वी वनखात्यासाठी खुद्द मास्तरांच्या मजूर टोळीनं लावला होता. ते तेव्हा टोळीचे मुकादम होते आणि बायको त्याच टोळीत रोपं लावायला होती.

बायकोनं तर गल्लीभर सांगून टाकलं. दूधवाल्यालाही सोडलं नाही. "शाळेचं छप्पर आमच्या हातच्या झाडांचं आहे, बरं का! यांनी शिक्का मारला की झालं." मास्तर वरवर रागवायचे, पण आतून सुखावलेले असायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लाकडात खोट काढली, आता एकदा आपलं स्वतःचं लाकूड पास करायला मिळणार होतं.

पहिल्या ट्रकमधला माल नजर लागावी असा निघाला. सरळ, स्वच्छ तुळया. एकही मोठी गाठ नाही. मास्तर घरी जाताना चक्क शीळ घालत गेले.

दुसरा ट्रक आला आणि त्यांची शीळ बंद झाली. लाकूड काळ्या गाठींनी भरलेलं होतं. या मेलेल्या गाठी. झाडाच्या खालच्या फांद्या वेळेत छाटल्या नाहीत तर त्या जागच्या जागी वाळतात, खोड त्यांच्याभोवती वाढत जातं, पण त्यांना धरून ठेवत नाही. मास्तरांनी एका तुळईच्या कडेच्या गाठीवर अंगठा दाबला. गाठ खळकन खाली पडली आणि लाकडाला आरपार भोक दिसलं.

या गाठींचं कारण त्यांना ठाऊक होतं. लागवडीच्या सातव्या वर्षी छाटणी करायची होती. पण सरकारला हौस रोपं मोजायची! अमुक लाख लावली, तमुक लाख जगली, की वरचे खूश. छाटणी बघायला साहेब यायचा तो जीपमधून, आणि जीपमधून उतरण्याचं नाव नाही. मग मुकादमानं शक्कल लढवली. "रस्त्याकडच्या रांगा छाटा. आत कोण मरायला बघतंय?" सगळ्यांना ते पटलं. एक बायको तेवढी करवत घेऊन आत शिरली होती. तिला त्यांनी हाका मारमारून परत बोलावलं होतं.

मालक शेजारी येऊन उभा राहिला. "मास्तर, हे नापास केलंत तर पाच वर्गांना बाहेरचं लाकूड येईल. धोरण पहिल्याच वर्षी गुंडाळतील आणि आपणही बसू माशा मारत. तुमचीच तर झाडं आहेत. मारा शिक्का."

मास्तरांनी शिक्का उचलला. क्षणभर, खरं सांगायचं तर बराच वेळ, तो हातात तसाच राहिला. मग त्यांनी तो खाली ठेवला आणि खडू घेतला. तिसरा ट्रकही तसलाच निघाला. चार दिवस ते फुल्या मारत होते. नापासाचं कारण लिहायच्या जागी त्यांनी लिहिलं, 'फांद्या वेळेवर छाटल्या नाहीत. तेव्हाचा मुकादम मीच.'

"हे कुणी विचारलंय?" मालक ओरडला.

"कुणीच विचारलं नाही, म्हणून तर ही वेळ आली," मास्तर म्हणाले.

घरी गेल्यावर त्यांनी चप्पल काढायच्या आधीच बायकोला सगळं सांगितलं. लाजेनं त्यांना वर बघवत नव्हतं. ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"एकही वर्ग नाही का?"

"एक होईल. पहिल्या ट्रकमधला."

"म्हणजे रस्त्याकडच्या रांगांचा. छाटलेल्या."

"हो."

ती पुन्हा भाजी निवडायला लागली. "तो वर्ग बांधून झाला की बघायला जाऊ. मी आत जाईन. या वेळी हाका मारू नका, तुम्ही बाहेर थांबा."

शाळा सुरू झाल्यावर दोघं गेली. ती आत जाऊन छपराकडे मान वर करून बघत राहिली, आणि गाठमास्तर खरंच बाहेर थांबले.