भाटकार, बाय आणि टिपरची काच

समुद्राचं पुरुमेंत भरणारा माणूस आख्ख्या पेडणे तालुक्यात एकच, आणि तो म्हणजे चोपड्याचा सगुण. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. मे महिना आला की बाकीची घरं सुकी मासळी, सोलं, मिरच्या भरून ठेवतात. सगुण समुद्र भरून ठेवतो. भरतीची वेळ बघून हरमलला जातो, कमरेइतक्या पाण्यात उभा राहून कॅन भरतो आणि घरामागच्या अंधाऱ्या खोलीत निळ्या पिंपांत ते पाणी ओतून झाकणं घट्ट बसवतो. एकदा नदीला पूर आला की किनाऱ्याचं पाणी गढूळ आणि अळणी होतं. मग चार महिने ह्या पिंपांवर काढायचे. वाड्यावरचे लोक मुद्दाम विचारतात, "सगुणभाऊ, औंदा समुद्र किती पिंपां?" सगुणही सरळ चेहऱ्याने सांगतो, "सा."

हा सगळा खटाटोप दोन माशांसाठी. दोन्ही मिळून एका मुठीत मावतील एवढेच, जांभळ्या अंगावर केशरी झाक असलेले ड्वार्फ एंजल. सोप्यावर पाच फुटी काचेची टाकी आहे, तिच्यात समुद्रातले दगड रचलेले आहेत आणि त्या दगडांच्या फटींतून ते दिवसभर ये-जा करतात. मोठ्याचं नाव भाटकार, कारण तो आपल्या दगडांभोवती जमीनदाराच्या ऐटीत फेऱ्या मारतो. धाकटीचं नाव बाय. नावं ठेवली चंद्रावतीने, सगुणच्या बायकोने.

खरं तर सगुण पाण्याचा माणूसच नव्हे, तो धुळीचा माणूस. सुर्ल्याच्या खाणीवर त्याने सव्वीस वर्षं टिपर चालवला. माती भरायची, धक्क्यावर जाऊन ओतायची, परत यायचं. राहायला खाणीजवळ चौघांत एक खोली. शनिवारची पाळी संपली की डिचोली, म्हापसा करत शिवोलीचा धक्का गाठायचा आणि फेरीबोटीने चोपड्यात उतरायचा. पुढे पूल झाला तेव्हा बस थेट यायला लागली, एवढाच फरक. सोमवारी उजाडायच्या आत पुन्हा रवाना. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, पण त्याच्या वाट्याला आले ते नुसते रविवार.

मग खाणी बंद पडल्या आणि सगुण कायमचा घरी आला. तो आला खरा, पण घरात त्याला जागा कुठे होती? चंद्रावतीने एकटीने मुलगी वाढवली होती, माडांचे नारळ पाडून घेतले होते, छप्पर शाकारून घेतलं होतं. घरातली प्रत्येक खुंटी तिच्या हुकमाची. सगुण दिवसभर मोकळा, त्यामुळे त्याने कोयता इथून तिथे हलवला, बाल्दी तिथून इथे आणली, आणि दोघांत खटके उडायला लागले. पहिली दोन वर्षं अशी गेली की वाड्यावरच्यांना करमणुकीला दुसरं काही लागलं नाही.

त्यांना एकत्र आणलं ते ह्या टाकीने. चंद्रावती मोरजीच्या एका गेस्टहाऊसमध्ये साफसफाईला जायची. तिथल्या मालकाने धंदा आवरला तेव्हा टाकी तिलाच देऊन टाकली, कारण तिच्याइतकं पाणी कोणाला कळत नव्हतं. तिचं माहेर आगरवाड्याचं, मिठागरावरचं. पाण्यात बोट बुडवून ती जिभेला लावायची आणि सांगायची, इतकं गोडं पाणी घाला, नाहीतर समुद्राचं. खारटपणा मोजायची काचेची नळी घरात होती; पण नळी आणि जीभ यांच्यात वाद झाला की जीभ जिंकायची. "पाणी सुकता, मीठ सुकणा नाय," असं ती सगुणला शाळेतल्या मास्तरासारखी समजावायची. त्याने पाणी आणायचं, तिने चाखायचं, अशी वाटणी झाली. भांडणं थांबली नाहीत, पण आता ती माशांवरून व्हायला लागली आणि त्यांत दोघांनाही मजा यायला लागली.

मासे घेतले ते म्हापशाच्या गोकुळदासकडून. गोकुळदासचं मासळीचं दुकान, पण त्याची मासळी पोहणारी. त्याने तेव्हाच सांगितलं होतं, "हे मासे ल्हान आसतत तेवा सगळे माद्यो. दोन एकत्र ठेवल्यार मोठो आसता तो नर जाता. म्हणान एक मोठो घेवा, एक ल्हान. आणि ल्हान आदी सोडा, मोठो मागसून."

"म्हणजे घर आदी बायलेचा," चंद्रावती म्हणाली, आणि सगुणकडे बघून हसली.

गेल्या वर्षी गणपतीची चवथ झाल्यावर ती बेंगळुरूला गेली. मुलगी गौरवी तिथे नोकरी करते, तिला बाळ झालं होतं. तीन महिने म्हणून गेली. मग बाळाला दात येत होते म्हणून राहिली. मग बाळ रांगायला लागलं, त्याच्यामागे कोणीतरी हवं होतं. मग गौरवीने नोकरी बदलली. सगुणला तिथे बोलावलं नव्हतं असं नाही, पण माशांकडे कोण बघणार? ज्या माणसाने सव्वीस वर्षं बायकोला घरी ठेवून नोकरी केली, तो आता दोन माशांची राखण करत घरी बसला होता. सकाळी पाववाल्या पोदेराचे दोन उंडे, दुपारी पेज, संध्याकाळी पुन्हा पेज. शनिवारी दुपार कलली की नजर आपोआप नदीकडे जायची. फेरीबोट केव्हाच बंद झालेली, पण ह्याच सोप्यावर बसून चंद्रावती ती बोट मोजत असणार, हे त्याला साठी उलटल्यावर कळलं. इतक्या वर्षांत आपण तिला कधी विचारलंसुद्धा नाही, याची त्याला मनापासून लाज वाटली.

मार्च महिन्यात त्याच्या हातून चूक झाली. रिकामा वेळ माणसाला स्वस्थ बसू देत नाही. त्याने टाकी धुवायला काढली आणि जाता जाता आतले दगडही आपल्या मनासारखे रचले. चंद्रावतीने वेडेवाकडे ठेवलेले दगड त्याने खाणीवरच्या ढिगांसारखे एका रेषेत लावले. दुसऱ्या दिवसापासून भाटकार बायच्या मागे लागला. ती ह्या फटीत शिरली की हा तिथे, त्या फटीत शिरली की तिथे. तिच्या शेपटीचं टोक फाटलं. चंद्रावतीची बाय, आणि आपल्या राखणीत तिची ही दशा!

त्याचा टिपर भंगारात गेला तेव्हा दाराची काच तेवढी त्याने आठवण म्हणून घरी आणली होती. ती टाकीत मधोमध उभी केली. जराशी वाकडी बसली, वरच्या कोपऱ्यात फट राहिली, ती त्याने जाळीने बुजवली. एका बाजूला भाटकार, दुसऱ्या बाजूला बाय. पाणी दोघांना तेच, भेट मात्र बंद. काचेवर शेवाळ धरायचं, ते तो रोज सकाळी पुसून काढायचा. ड्रायव्हरचा हात तो. समोरची काच मळलेली त्याला बघवत नसे.

संध्याकाळी दिवा लावून झाला की चंद्रावतीचा व्हिडिओ कॉल यायचा. "मासे दाखवा," हे पहिलं वाक्य. सगुण फोन आधी भाटकाराजवळ न्यायचा, मग बोटाने कॅमेरा झाकून बायजवळ. "दोगां एकत्र दिसणत नाय ती?" ती विचारायची. "दगडाफाटल्यान, फटीत आसतली," हा सांगायचा. पाच महिने त्याने हे नाटक रेटलं. आणि मग एक दिवस ती म्हणाली, "ह्या चवथीक येतलंय हां."

सगुणला रात्रभर आनंदाने झोप लागली नाही आणि सकाळी धास्तीने चहा गेला नाही. तो उठला तो थेट म्हापशाला, गोकुळदासच्या दुकानात.

"पाच म्हयने?" गोकुळदासने कपाळावर हात मारला. "सगुणभाऊ, धाकटीक एकट्यान रवाची सवय झाली तर तीय नर जाता. मगे एका भाटात दोन भाटकार. सोडल्यार एक मरतलो."

सगुण तिथल्या बाकावर टेकला, तसं गोकुळदासनेच विचारलं,

"काच आरपार आसा काय? एकमेकांक दिसतत?"

"रोज पुसतंय मी."

"मगे थोडी आशा आसा," गोकुळदास म्हणाला. "मोठो नदरेसमोर आसल्यार धाकटी धाकटीच रवता. पण मी लिवन दिवचंय नाय."

सगुण घरी आला आणि काचेला हातसुद्धा लावला नाही. आज काढू, उद्या काढू. काढली आणि बाय मेली तर चंद्रावतीला काय तोंड दाखवायचं? आठ दिवस त्याचा जीव टांगणीला लागला होता. आणि चवथ तीन आठवड्यांवर आली असताना तिचा कॉल आला.

"अवो, चवथीक जमात असा वाटणा नाय," ती म्हणाली. बाळ आत झोपलेलं होतं, म्हणून आवाज हळू. "गौरवीक रजा गावणा नाय."

एरवी सगुण "बरां" म्हणाला असता. आजवर तो तेच म्हणत आला होता.

"चंद्रा, माका तुजी याद येता गो," तो म्हणाला. "मरणाची येता. घर खावक उठता. आणि मी तुका फसयलंय."

त्याने फोन टाकीसमोर धरला आणि मधली काच दाखवली. दगड हलवल्यापासून गोकुळदासपर्यंत सगळं सांगून टाकलं. मग चंद्रावती हसायला लागली. तोंडावर पदर धरून, बाळ उठू नये म्हणून आवाज दाबून हसली.

"अवो, तो तिका मारत नव्हतो. तुमी घर बदललात, म्हणान तो परत हद्द आखत होतो. दोन दिसांनी गप झालो असतो. तुमी शनवारी इलात की काय करी होतात, आठवता? ह्या हय कित्याक, ता थय कोणी ठेवला, म्हणान घरभर खेकसत फिरी होतात. मी आपली चुलीकडे जावन बसी. सांजेक तुमचो राग जाय आणि मगे आमी दोगां जेवक बसू. आमच्यामदी कोणी काच घातली काय?"

सगुणने मधल्या काचेकडे बघितलं.

"काडा ती," ती म्हणाली. "आता काडा. आणि दगड होते तसे ठेवा. मी सांगतंय."

फोन सोप्याच्या खांबाला टेकवून त्याने दगड तिच्या सांगण्याप्रमाणे वेडेवाकडे ठेवले आणि मग काच उचलली. भाटकार सुसाट निघाला. बायला त्याने पहिल्या दगडाभोवती पळवलं, दुसऱ्याभोवती पळवलं, कोपऱ्यात कोंडलं. सगुणचा हात पाण्याकडे गेला.

"हात घालू नकात!"

त्याने दोन्ही हात काखेत दाबून धरले. आता बाय उलटून अंगावर गेली की सगळं संपलं. पण बाय उलटली नाही. तिने पर मिटले, अंग जरा कलतं केलं आणि होती तिथेच थांबली. भाटकार जवळ गेला, तिच्याभोवती एक फेरी मारली, आणि परत आपल्या दगडाकडे निघाला. थोड्या वेळाने पुन्हा पाठलाग, पण पहिल्यापेक्षा कमी. बाहेर काळोख धरला तेव्हा दोघं एकाच दगडावरचं शेवाळ कुरतडत होती, मध्ये वीतभर अंतर ठेवून.

सगुणने फोन उचलला. चंद्रावती हसत नव्हती. तिचे डोळे भरलेले होते.

"रजेचा मी खोटा सांगलंय," ती म्हणाली. "गौरवी जा म्हणता. मीच भियालंय. तुमी खाणीवरसून इलात तेवा दोन वर्सां आमचा जमला नाय. आता मी हय वर्सभर माझ्या मनान रवलंय, तुमी थय तुमच्या मनान. परत जमात काय नाय, कोण जाणा?"

सगुणने बोट टाकीत बुडवलं आणि जिभेला लावलं. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, कधीच कळलं नव्हतं.

"खारट आसा," तो म्हणाला. "पण किती, ता तूच सांगूक होया."

ती नाक ओढत हसली. आतून बाळ रडायला लागलं, तशी ती उठली. जाता जाता फोन तोंडाशी नेऊन म्हणाली, "चवथीक येतलंय. पयले दोन दिस मी तुमच्यार खेकसतलंय, सगळा घर उलटापालटा करतलंय. तुमी मदी काच घालू नकात."