डहाणू ते वेंगुर्ला, एका श्वासात

वाघमारे बाई फळ्यावर महाराष्ट्राचा किनारा काढायच्या तेव्हा आधी छाती भरून श्वास घ्यायच्या, खडू डहाणूवर टेकवायच्या आणि वेंगुर्ला येईपर्यंत ना खडू उचलायच्या, ना श्वास सोडायच्या. वसईची खाडी, मुंबईचं बोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग. रेघ आत जायची, बाहेर यायची, आणि बाईंची नजर निम्मा वेळ फळ्याऐवजी पोरांवर असायची. चौथीचा अख्खा वर्गही गाल फुगवून श्वास धरून बसायचा. हे कुणी शिकवलेलं नव्हतं. एका वर्षीच्या पोरांनी पुढच्या वर्षीच्या पोरांना दिलेलं होतं. वेंगुर्ला आलं की बाई हुश्श करायच्या, त्यांच्याबरोबर सगळा वर्ग हुश्श करायचा, आणि मग भूगोलाचा तास सुरू व्हायचा.

मी हे रोज पाहायची, कारण शाळेला खोल्या कमी होत्या. निलंग्यापासून जवळच्या त्या गावात एकाच खोलीत माझी तिसरी एका भिंतीकडे तोंड करून बसायची आणि बाईंची चौथी दुसऱ्या. मी अर्धापूरची, केळीच्या मळ्यांत वाढलेली, नोकरीला नवीन. पहिल्याच दिवशी मी हात धुवायला दोन तांबे पाणी घेतलं तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "शोभा, तुमच्या गावाला एका केळीला जेवढं पाणी पाजतात ना, तेवढ्यात आमच्या इथं एक घर दिवस काढतं." बोलण्यात राग नव्हता. त्या दिवसापासून मी एका तांब्यात भागवायला शिकले.

लातूर तेव्हा नुकताच नवा जिल्हा झाला होता. पाट्या रंगवून झाल्या होत्या, साहेब आले होते, पण शाळेतला जिल्ह्याचा नकाशा जुनाच होता. बाईंनी लाल शाईने त्यावर नवी हद्द स्वतःच आखली. पोरांनी विचारलं, जिल्हा आपला झाला म्हणजे पाणीपण येईल का आता. बाईंनी पेनाला टोपण लावत सांगितलं की नकाशात दुष्काळ दिसत नाही, म्हणून नकाशा बदलून तो जातही नाही. हे त्या नेहमी म्हणायच्या. नवऱ्यालासुद्धा म्हणायच्या, आणि ते बिचारे हो म्हणायचे.

नवरा निलंगा डेपोत एसटीचा ड्रायव्हर. मी त्यांना दाजी म्हणायची. घर बौद्धवाड्यात, समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली बाईंच्या वडिलांचा फोटो. धम्म घेतला त्या पहिल्या पिढीतले ते. त्यांनी लेकीला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती, आणि बाई ती वर्गाला सांगायच्या: कुणी म्हटलं म्हणून मानायचं नाही, तपासायचं आणि मग मानायचं. गंमत अशी की बाई आयुष्यभर समुद्र शिकवत होत्या आणि समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. सोलापूरच्या पुढे त्या कधी गेल्याच नव्हत्या.

हे उघडं पडलं ते मंदामुळे. मंदा माझ्या तिसरीतली, पण तिचे कान कायम चौथीकडे. त्या वर्षी विहिरींचा गाळ वर आला होता आणि टँकर येईल तेव्हा पळता यावं म्हणून पोरं शाळेत घागरी घेऊन बसायची. बाई सांगत होत्या की समुद्राचं पाणी खारट असतं, ते पिता येत नाही. मंदा पाठमोरी बसली होती ती वळली आणि उभी राहिली.

"एवढं पाणी हाय आन् पिता येत न्हाई? बाई, तुमी पिऊन पाह्यलं का?"

पोरं हसली नाहीत. त्यांनाही तेच विचारायचं असावं. बाई म्हणाल्या, "न्हाई, मंदा. मी पाह्यलंसुदिक न्हाई." मंदा खाली बसली. तिला राग आला नव्हता. पण तिने ते मानलंही नव्हतं. बाईंना ते लागलं, आणि तितकंच आवडलंही. संध्याकाळी घरी जाताना मला म्हणाल्या, "बरोबर इचारलं पोरीनं. माझ्या बापानंबी हेच इचारलं असतं."

त्याच हिवाळ्यात एक दिवस रेघ वेंगुर्ल्याच्या अलीकडे तुटली. मालवणपाशी खडू थांबला, बाईंनी श्वास घेतला आणि उरलेला तुकडा नंतर जोडला. पोरं गोंधळली, काहींनी सोडला, काहींनी धरून ठेवला. संक्रांतीनंतर रेघ विजयदुर्गाशी तुटायला लागली, आणि शिमग्याच्या सुमाराला रत्नागिरीपर्यंत येतानाच बाईंचे ओठ काळेनिळे दिसायचे. आता पोरंच आधी श्वास सोडायची, म्हणजे बाईंना लाजल्यासारखं होऊ नये. एवढीशी पोरं, पण त्यांना कळत होतं की किनारा आखडत चाललाय. मला फळ्याकडे पाहायची धास्ती वाटायला लागली.

लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, लहानपणी ताप येऊन सांधे धरले होते तेव्हाच हृदयाची झडप बिघडलेली आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत हैदराबादला मोठ्या दवाखान्यात जा, ऑपरेशन लागेल. तोवर घाट, धक्के, लांबचा प्रवास नको.

आणि नेमकं त्याच सुट्टीत बाईंनी कोकणात जायचं काढलं. रत्नागिरीहून खाली वेंगुर्ल्यापर्यंत, किनाऱ्याने, गाडीने. दाजींनी मला मुद्दाम जेवायला बोलावलं, मी समजूत घालावी म्हणून. भाकरी होत असतानाच त्यांनी विषय काढला. हैदराबादला त्यांचा चुलतभाऊ होता. डॉक्टर तपासतील, चार दिवस शहर बघू, चारमिनार बघू, बांगड्या घेऊ, असं ते लहान पोराला दाखवावं तसं एकेक दाखवत होते. कोकण काय, दिवाळीत करू म्हणाले.

बाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "दिवाळीत मी असले तर."

मग मी बोलले. बरं होऊन आल्यावर निवांत समुद्र पाहता येईल, घाई कशाला, असं काहीबाही. बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"जूनमधी मंदा माझ्या वर्गात यील. तिला काय सांगू?" त्या म्हणाल्या. "आन् दुसरं सांगते. मला त्या टेबलावर निजवतील, डोळे मिटायला लावतील. तवा मिटल्या डोळ्यांपुढं काय असावं, एवढंच मी मागते. जिथं माझा खडू आता पोचत न्हाई, तिथून पुढं मला जायचं हाय."

दाजींनी ताट तसंच सरकवलं आणि बाहेर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि ओळखीच्या एका माणसाची जीप आणली. आधी समुद्र आणि तिथून सरळ हैदराबाद, असं ठरलं. बाईमाणूस बरोबर हवं म्हणून मीही निघाले.

आम्ही निघालो त्या सकाळी टँकरची वाट पाहणाऱ्या बायका रिकाम्या घागरी घेऊन रस्ता ओलांडत होत्या. निरोप द्यायला आलेले हेडमास्तर खिडकीशी वाकून म्हणाले, पाच मिनिटं थांबून निघा, रिकाम्या घागरी आडव्या गेल्यात. बाई हसल्या. "सर, ते मानलं तर आपल्या गावात कुणी उंबऱ्याबाहेरच पडायला नको." मीही हसले. दाजी हसले नाहीत. त्यांनी गाडी बंद केली, बायका पार जाऊ दिल्या आणि मगच किल्ली फिरवली.

आंबा घाटात दाजींनी जीप अशी चालवली की जणू डोक्यावर भरली घागर आहे. मागचे ट्रक भोंगे वाजवून गेले, त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. बाई खिडकीची दांडी धरून बसल्या होत्या. मी विचारलं की मान हलवायच्या, बोलायच्या नाहीत.

रत्नागिरीजवळ भाट्याच्या किनाऱ्यावर आम्ही दुपार कलल्यावर पोचलो. बाई वाळूत दोन्ही बाजूंना आम्हाला धरून चालत गेल्या आणि ओल्या वाळूत बसल्या. पाणी आलं, त्यांचं लुगडं भिजवून मागे गेलं. परत आलं तेव्हा त्यांनी ओंजळ भरली आणि तोंडाला लावली. थुंकल्या नाहीत, गिळलं.

"हाव," त्या म्हणाल्या. "खारट हाय."

एखाद्या साहेबाला अहवाल द्यावा तसं म्हणाल्या. मग कितीतरी वेळ समोर बघत राहिल्या. मला वाटलं त्यांना आनंद झालाय, आणि झालाच होता. पण त्यांनी माझा हात घट्ट धरला तेव्हा त्यांचा हात गार होता. "पलीकडची कड दिसत न्हाई गं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी आपली एका रेघेत आटपत होते." दाजींनी जीपमधून प्लास्टिकचा कॅन आणला आणि गुडघाभर पाण्यात जाऊन तो भरला. बाईंनी बूच दोनदा आवळून घेतलं. मंदासाठी होता तो, आणि तिच्या मागच्या सगळ्यांसाठी.

पुढचा रस्ता बाईंना अजिबात पसंत पडला नाही. खाडी आली की रस्ता पाठ फिरवून आत डोंगरात पळायचा आणि दोन तासांनी पुन्हा समुद्र दाखवायचा. "माझी रेघ बरी होती की," त्या म्हणायच्या. विजयदुर्ग झालं, देवगड झालं. फणसाची, काजूची झाडं, घराघराशी विहीर आणि विहिरीत पाणी. एका ठिकाणी एक बाई अंगणात बादलीने सडा घालत होती. आम्ही तिघेही तिच्याकडे पाहत राहिलो.

मालवणला सकाळी बाईंना उठता येईना. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून त्या खिडकीचे गज धरून बसल्या होत्या आणि प्रत्येक श्वास ओढून घेत होत्या. पायांवर सूज आली होती. वेंगुर्ला तिथून फार लांब नव्हतं. दाजी दारात उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, पुढं न्यायचं की मागं. मला वाटलं बाई पुढं म्हणतील. त्या घरच्या भांडणातही शेवटचा शब्द सोडत नसत.

"वळवा," बाई म्हणाल्या.

त्या एका शब्दाने मला जेवढं घाबरवलं तेवढं त्यांच्या निळ्या ओठांनीही घाबरवलं नव्हतं. दाजींनी कोल्हापूर, सोलापूर करत जीप थेट हैदराबादला आणली. वाटेतल्या दवाखान्यात सुई दिली, थोडं बरं वाटलं. शहरात शिरताना दाजींचा चुलतभाऊ रस्ता दाखवायला पुढं बसला आणि त्याने गाडी मुद्दाम चारमिनारावरून घ्यायला लावली. बाईंनी मान वर करून पाहिला. "बघा," त्या दाजींना म्हणाल्या, "हेबी झालं. दोन्ही झालं." दाजी स्टिअरिंग धरून हमसून रडले. मी माणसाला गाडी चालवता चालवता रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

ऑपरेशनचा दिवस ठरला होता. त्याच्या आधीच बाई गेल्या.

दाजींनी डॉक्टरांना विचारलं की आम्ही आधी इथं आलो असतो तर. डॉक्टर भले होते; म्हणाले, झडप फार खराब होती, काही सांगता येत नाही. दाजींना सांगता येत नाही हे पुरेना. परतीच्या वाटेवर त्यांनी तेच मला विचारलं, नंतर पुष्कळ वर्षं भेटले की विचारायचे. बाईंनी मला मानायच्या आधी तपासायला शिकवलं होतं, आणि हे तपासायची सोय नव्हती.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पाऊस नव्हता आणि टँकरही आला नव्हता. चौथी माझ्याकडे आली होती. पहिल्याच दिवशी, मी पोचायच्या आधी, दाजी ड्युटीवर जाता जाता शाळेत आले. जीपच्या सीटखाली कोकणातून हैदराबादला आणि हैदराबादहून गावाला आलेला तो कॅन त्यांनी ओट्यावर ठेवला आणि शिपाई गणपतमामांना म्हणाले, हे बाईंच्या पोरांसाठी. एवढंच बोलून ते गेले. त्यांच्याच्याने जास्त बोलवलं नसेल.

आमच्या गावात भरला कॅन ओट्यावर उभा आहे आणि पोरं तहानलेली आहेत, असं असताना कुणी दुसरं काय करेल? गणपतमामांनी डोळे पुसले, बाईंना हात जोडले आणि कॅन रांजणात ओतला. तळाशी कालचं थोडं पाणी होतं, त्यात.

मी आले तेव्हा रांजणाभोवती पोरांचा घोळका होता आणि गणपतमामा कावरेबावरे होऊन मला सांगत होते की पाणी नासलं, बाई, समदं वाया गेलं, मी ओतून देतो. माझ्या लक्षात आलं. मंदाच्या हातात पेला होता. तिने आणखी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, पण थुंकला नाही.

"नासलं न्हाई मामा," ती म्हणाली. "समुद्र हाय त्यो."

मग पोरांनी आपणहून रांग लावली. एकेक घोट, तोंड वाकडं करायचं आणि पेला मागच्याला द्यायचा. कुणी गोंधळ केला नाही. गणपतमामा भिंतीला टेकून उभे होते, शेवटी त्यांनीही हात पुढे केला.

तास माझाच होता. मी फळ्याशी गेले, छाती भरून श्वास घेतला आणि खडू डहाणूवर टेकवला. मागे सगळा वर्ग गप्प झाला, त्यावरून मला कळलं की त्यांनीही श्वास धरलाय. बाईंसारखी रेघ मला येत नव्हती, खाड्या चुकत होत्या, तरी दाभोळ गेलं, जयगड गेलं, रत्नागिरी गेली. मालवणपाशी माझा हात थांबला. दम संपला नव्हता. डोळ्यांपुढं खिडकीचे गज धरून बसलेल्या बाई आल्या आणि खडू पुढं सरकेना. मी तशीच फळ्याला तोंड करून उभी राहिले. मागे एकाही पोराने श्वास सोडला नाही.

मग मंदाचा आवाज आला, श्वास कसाबसा धरून बोलल्यासारखा.

"बाई, वेंगुर्ला राह्यलंय अजून."