गच्चीवरचे रबरबँड

तीन उन्हाळ्यांपूर्वी तारनाक्याच्या आमच्या गच्चीवरून भाचीचे प्रयोगाचे रबरबँड नाहीसे झाले. कैरीच्या लोणच्याचा वास आला की ती दुपार आठवते. जमिनीलगतच्या हवेतल्या ओझोनने ताणलेल्या रबराला चिरा पडतात. त्या मोजून तिला दुसऱ्या दिवशी कॉलेजात अहवाल द्यायचा होता. रबरबँड सापडले ते शेजारच्या काकूंच्या उन्हातल्या बरण्यांवर, फडक्यांभोवती ताणलेले. "हौ, मीच घेतले," काकू म्हणाल्या. "पण किती भिकार गं तुझे रबर! सगळे तडकले." भाची भिंग घेऊन बरण्यांपाशी बसली आणि हसू लागली. "काकू, आता बरण्या हलवू नका!" अहवाल मान्य झाला. आज त्या गच्चीवर ओझोन मोजणारा सेन्सर आहे. त्याच्याशेजारी काकूंच्या लोणच्याच्या बरण्या आहेत.