दोन्ही हात, मिस विद्या

ओटिसच्या हातात काहीही द्या, तो ते दोन्ही हातांनी घ्यायचा. गाडीची किल्ली असो, पाण्याचा ग्लास असो, नाहीतर टपालात आलेली पिझ्झाची जाहिरात. अंगठ्याला अंगठा लावून पंजे पुढे करायचा, वस्तूवर नजर रोखायचा, आणि ती छातीशी येईपर्यंत तुमच्याकडे बघायचासुद्धा नाही. अमेरिकेत, जॉर्जियातल्या अल्फारेटात आमच्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये तो राहायला आला त्या दिवाळीत मी चकल्यांची ताटली घेऊन गेले, तर हा सव्वासहा फुटांचा गडी दारात वाकून ताटलीकडे असा बघत राहिला की मला वाटलं, तीर्थ घेतोय.

चार दिवसांनी ताटली परत आली ती उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांनी भरून. मी विचारलं, "तुमच्याकडेही शेंगा उकडतात?"

"माझ्या आईच्या गावात दुसरं काही करतच नाहीत," तो म्हणाला. माझं इंग्रजी बार्शीच्या कॉलेजचं, त्याचं दक्षिण जॉर्जियाच्या खेड्यातलं. दोघांचंही बोलणं मी इथे माझ्या मराठीत सांगतेय.

मग मीही सांगितलं, माझे वडील बार्शीच्या मार्केट यार्डात हमाल होते, शेंगांची पोती त्यांनी जन्मभर पाठीवर वाहिली. हे मी कुणालाही आधीच सांगून टाकते. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि ती पदवी त्या पाठीवरून आली आहे. ओटिस म्हणाला, "आमच्या घरातला पहिला मी." त्या दिवसापासून मी मिस विद्या झाले. त्यांच्या भागात मान द्यायचा तर नावाआधी मिस लावतात, मग बाई लग्नाची असो की नसो.

ओटिस वाइड रिसीव्हर होता. म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये मैदानाच्या कडेला उभं राहायचं, इशारा झाला की जीव खाऊन पळायचं आणि लांबून आलेला तो लांबट चेंडू झेलायचा. व्यावसायिक संघात सहा वर्षं होता, पण तीन संघ बदलून, आणि बहुतेक वेळ सरावापुरताच. खऱ्या सामन्यांत त्याने अकरा झेल घेतले होते. अकराच्या अकरा तो सांगू शकायचा, कुठलं मैदान, वारा कुठून, समोर कोण. पण विचारल्याशिवाय सांगायचा तो बारावाच. चेंडू अगदी हातात आला होता, आसपास चिटपाखरू नव्हतं. याने पळायचं कुठे ते बघायला पळभर मान वर केली, आणि चेंडू बोटांवरून घरंगळला. त्याच आठवड्यात संघाने त्याला सोडलं.

"पोटाशी लागेपर्यंत तो आपला नसतो, मिस विद्या," तो म्हणायचा. "आधी बघून घ्यायचं. पळायचं नंतर."

सुटलेल्या खेळाडूला संघ परत बोलावू शकतो, कुणीतरी जखमी झालं तर. सोमवारी फोन येतो, मंगळवारी चाचणी. म्हणून दर सोमवारी ओटिसची बॅग दाराशी भरलेली असायची. एकोणतीस पुरी झालेली, गुडघ्यावर ऑपरेशनची खूण. त्याला फक्त आणखी एकदा मैदानावर उतरायचं होतं, त्या बाराव्यानंतर. पण तयार राहायचं तर रोज कुणीतरी चेंडू फेकायला हवा, आणि जो मित्र फेकायचा तो नोकरीसाठी टेक्सासला गेला.

"मिस विद्या, तुम्ही कधी काही फेकलंय का?" एका दुपारी कुंपणापलीकडून त्याने विचारलं.

"भाला," मी म्हणाले. "युनिव्हर्सिटीपर्यंत."

तो आत गेला आणि चेंडू घेऊन आला.

मला दुपारी दुसरं काम नव्हतं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला परवाना आल्याशिवाय नोकरी करता येत नाही, आणि माझा परवाना अडकून पडला होता. बी.कॉम.चं सर्टिफिकेट फ्रेममध्ये, मी किचनमध्ये. त्यामुळे रोज चारला आम्ही कॉलनीच्या हिरवळीवर. माझा पहिला चेंडू भिरभिरत तिसऱ्या घराच्या गुलाबांत गेला. मी सॉरी म्हणाले तर तो खूष. "असेच टाका. चेंडू फेकायचं मशीन सरळ टाकतं. सरळ तर कुणीही झेलेल."

भिशीतल्या बायका म्हणाल्या, "विद्या, अगं मसल्स येतील." माझा नवरा संदीप म्हणाला, "यार, निदान समोरच्या जोशीकाकांची गाडी तरी वाचव." मी टाकत राहिले. उन्हाळा गेला, पानं गळली. ओटिस पालथा पडून झेलायचा, एका पायावर झेलायचा, आणि प्रत्येक चेंडू पोटाशी धरून दोन पावलं पळायचा. फोन हिरवळीच्या कडेला त्याने काढून ठेवलेल्या बुटात असायचा, आवाज पूर्ण वर.

"फोन आला तर किती वेळ देतात?" मी विचारलं होतं.

"वेळ मागायचा नसतो. फोन आला की जायचं."

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी बुटातला फोन वाजला तेव्हा चेंडू हवेत होता. मी ओरडले, "ओटिस, फोन." त्याने मान वळवली नाही. झेलला, पोटाशी धरला, दोन पावलं टाकली आणि मग बुटाकडे धावला. संध्याकाळच्या विमानाने गेला. मी देवापुढे दिवा लावला. संदीपने विचारलंसुद्धा नाही कशाला.

बुधवारी तो परत आला. बॅग अजून खांद्यावरच होती.

"सगळे झेलले," तो म्हणाला. "एकही सोडला नाही."

"मग?"

"मग त्यांनी बावीस वर्षांच्या पोराला घेतलं. त्याने दोन सोडले."

बॅग खाली ठेवत तो म्हणाला, "उद्या चारला?"

उद्या चारला आम्ही हिरवळीवर होतो. परवाही. बॅग मात्र पुढच्या सोमवारी दाराशी दिसली नाही.

डिसेंबरात त्याने माझं दार वाजवलं. पोस्टमनने माझं पाकीट चुकून त्याच्या पेटीत टाकलं होतं. सरकारी पाकीट, आत माझा परवाना आहे ते बाहेरूनच कळत होतं. माझा एक हात कणकेचा, मी दुसरा पुढे केला. त्याने पाकीट मागे घेतलं.

"दोन्ही हात, मिस विद्या."

मी हात धुऊन आले. अंगठ्याला अंगठा लावून पंजे पुढे केले. त्याने पाकीट ठेवलं, आणि ते माझ्या छातीशी लागेपर्यंत आम्ही दोघंही त्याच्याकडेच बघत होतो.

जानेवारीत मला एका दवाखान्यात हिशेबाची नोकरी लागली. नऊ ते सहा. चारचं आता कसं, हे त्याला सांगायला मी दोन दिवस लावले. हमालाची लेक अमेरिकेत स्वतःच्या नावाची पाटी टेबलावर ठेवणार होती, वडील फोनवर रडले होते, आणि मला मात्र त्या हिरवळीकडे बघवत नव्हतं. सांगितल्यावर तो म्हणाला, "तुमचा फोन आला. फोन आला की जायचं."

मार्चमध्ये त्याने घर सोडलं. आईच्या गावातल्या शाळेत मुलांना झेलायला शिकवतो. निघताना चेंडू माझ्या हातात दिला, आणि मी दोन्ही हातांनी घेतला, हे सांगायला नकोच. अधूनमधून शेंगांचा डबा येतो. माझी चकली जाते. चार वाजले की कीबोर्डसमोर माझा उजवा खांदा अजून जागा होतो.

गेल्या रविवारी शेजारचे कुणी बाहेर नाहीत असं बघून मी चेंडू घेऊन हिरवळीवर गेले. दोन पावलं मागे घेतली, भाल्यासारखा हात ओढला आणि फेकला. एवढा सरळ माझा चेंडू कधी गेला नव्हता. जराही भिरभिरला नाही, पार टोकाच्या झाडापर्यंत गेला, आपटला, उडाला आणि गवतात पडून राहिला.

आणायला मीच चालत गेले.