लिफ्टकाकांच्या परत आलेल्या तबकड्या

दूध वर यायच्या बेतात होतं. माझा एक डोळा पातेल्यावर आणि दुसरा ह्यांच्या शर्टाच्या कॉलरवर फिरणाऱ्या इस्त्रीवर, तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना दार वाजवणारी आमच्या इमारतीत एकच व्यक्ती आहे, खालच्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिकाबाई. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण टकटक अजून टेबलावर पट्टी आपटल्यासारखीच.

दार उघडलं तर बाई शाल गुंडाळून उभ्या.

"ऐकतेस ना?"

"काय, बाई?"

"काय म्हणून मलाच विचारतेस? हे!" त्यांनी शेजारच्या बंद दाराकडे बोट केलं. "उजाडल्यापासून चाललंय. मी उशी कानावर घेतली, रेडिओ मोठा केला, शेवटी न्हाणीघरात जाऊन बसले. आता मी पोलिसांना फोन करणार आहे. तुझं घर भिंतीला भिंत लागून, म्हणून तुला आधी सांगायला आले."

शेजारच्या दाराआडून लिफ्टकाकांच्या रेकॉर्डवरचा सॅक्सोफोन येत होता. एक लांब, फाटलेली किंकाळी, मग घशातल्या घशात गुरगुर, मग उचकी लागल्यासारखा एक आवाज. आमच्याकडे तो इतका सवयीचा झालाय की पाहुणा दचकला तरच आम्हाला आठवतं. मी बाईंना आत बोलावणार होते, निदान चहा देऊन फोन पुढे ढकलणार होते. पण पाय उंबऱ्यातच राहिले. किंकाळी, गुरगुर, उचकी. पुन्हा किंकाळी, गुरगुर, उचकी.

"बाई, एक मिनिट बोलू नका."

"मी बोलू नको? त्याला सांग!"

मला काय खटकलं ते कळायला लिफ्टकाका माहीत असायला हवेत.

माणूस आयुष्यभर लिफ्टच्या कंपनीत होता. इमारतीच्या अगदी डोक्यावर मशीनची खोली असते ना, जिथे मोटर असते आणि पोलादी दोर फिरतात, त्या खोल्यांतच त्यांची उमेदीची वर्षं गेली. लिफ्ट कुठे कुरकुरते, कुठे धक्का देते, हे ऐकायचं आणि तो आवाज बंद करायचा, हीच नोकरी. घरात काकू, एक मुलगी. मुलगी लग्न होऊन लांब गेली, काकू दोन हिवाळ्यांपूर्वी गेल्या, आणि आता घरात काका आणि छताला भिडलेली तबकड्यांची कपाटं.

ह्या सगळ्याची सुरुवात काकूंच्या वाढदिवसाला झाली. काकांनी दुकानात एक तबकडी पाहिली. वेष्टनावर डोळे मिटून सॅक्सोफोन वाजवणारा माणूस, मागे निळा अंधार. काहीतरी हळुवार असणार म्हणून घेतली. घरी आणून लावली, तर काकू हातातलं पीठ तसंच घेऊन धावत बाहेर आल्या. "काय पडलं? लागलं का तुम्हाला?"

काका दुसऱ्या दिवशी तबकडी घेऊन दुकानात. "खराब निघाली, बदलून द्या." दुकानदाराने मुकाट्याने त्याच तबकडीची नवी प्रत दिली. घरी लावली, तर तीही तशीच किंचाळली. काकू म्हणाल्या, "तुम्हाला कायम खराबच माल कसा मिळतो हो?" पण काकांना वेगळाच प्रश्न पडला होता. दोन प्रती एकाच जागी कशा बिघडतील? दोन लिफ्ट एकाच मजल्यावर तसाच आवाज करत असल्या, तर तो बिघाड नसतो, कोणीतरी तसं बसवलेलं असतं. म्हणजे हा माणूस मुद्दाम ओरडतोय. मग कशासाठी ओरडतोय ते ऐकायला काका खुर्चीत बसले. काकू मला हे सांगताना कपाळाला हात लावायच्या. "बसले ते बसलेच गं. सवत आणली असती तर निदान कणीक तरी मळली असती तिने."

हेच फ्री जॅझ, ठरलेली चाल न धरता त्या क्षणी सुचेल तसं वाजवायचं संगीत, हे त्यांना पुढे त्या दुकानदाराकडून कळलं. शिवाय असल्या तबकड्या नेणारं बहुतेक गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत येतं, हेही. तेव्हापासून लोकांनी खराब म्हणून परत केलेला माल तो दुकानदार एका खोक्यात काकांसाठी बाजूला ठेवू लागला. काकांचा निम्मा संग्रह असा, माणसांनी नाकारलेला. उरलेला त्यांनी स्वतः माग काढून जमवला. एका तबकडीच्या मागे ढोलकऱ्याचं नाव वाचायचं, मग तो ढोलकरी आणखी कोणाबरोबर वाजवतो ते शोधायचं, तिथे नवा ट्रम्पेटवाला भेटला की त्याच्या मागे लागायचं. सोयरीक जुळवणाऱ्याने गोत विचारत हिंडावं, तसं. बंद पडणारी दुकानं, भंगारवाले, परदेशातून टपालाने येणारी पुठ्ठ्याची खोकी. कपाटातही तबकड्या नावांच्या क्रमाने नाहीत. कोणी कोणाबरोबर वाजवलं, त्या नात्याने त्या शेजारी शेजारी उभ्या असतात.

मला संगीतातलं काही समजतं असं नाही. कॉलेजात इतिहास शिकले आणि घरी आल्यावर भिंतीपलीकडून हे शिकले. मी त्या तबकड्यांना माझीच नावं ठेवली होती. एक 'भांडणवाली', तिच्यात सगळे एकदम बोलतात. एक 'किटलीवाली'. एक 'फर्निचर सरकवणारी'. आणि एक 'एकट्याची', जिच्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सॅक्सोफोन आहे, सोबतीला कोणीही नाही. काकांना ही नावं इतकी आवडली की तेही तीच वापरायला लागले. जिन्यात भेटले की म्हणायचे, "वहिनी, आज तुमची भांडणवाली लावतोय, दूध सांभाळा."

तर त्या सकाळी वाजत होती ती 'एकट्याची'. आणि इतक्या वर्षांत मला एवढं नक्की कळलं होतं, की ह्यातला कोणीही एकदा वाजवलेलं तसंच्या तसं पुन्हा वाजवत नाही. जवळपास येतो, हुलकावणी देतो, पण तसंच्या तसं नाही. इथे किंकाळी, गुरगुर, उचकी. किंकाळी, गुरगुर, उचकी.

"सुई अडकलीये," मी म्हणाले.

"अगं, ती नेहमीच अडकलेली असते!" बाई म्हणाल्या. "आज तर ढोलही बडवला. असा दणकन की माझ्या छताचा पंखा हलला."

"ढोल? कधी?"

"उजाडता उजाडता. मी तेव्हाच उठले ना दचकून."

"बाई, ह्या तबकडीत ढोल नाहीये."

मागे दूध उतू गेलं, करपल्याचा वास आला, आणि ह्यांनी आतून हाक मारली, "अगं, गॅस!"

"गॅस बंद करा आणि इकडे या," मी ओरडले आणि खुंटीवरची काकांच्या घराची किल्ली काढली. काकूंनी आजारपणात दिली होती, ती आमच्याकडेच राहिलेली. कुलूप फिरलं. दार बोटभरही हललं नाही. आतून कडी.

"काका! काका, ऐकू येतंय का?"

किंकाळी, गुरगुर, उचकी.

हे अर्ध्या गालाला साबणाचा फेस घेऊन बाहेर आले. "काय झालं?"

"काका पडलेत बहुतेक."

"बहुतेक?" बाई म्हणाल्या. "आणि तसं नसलं तर? कान देऊन खुर्चीत बसले असतील तल्लीन होऊन. माणसाचं दार असं उगाच मोडायचं का?"

"मगाशी पोलिसांना बोलावत होतात ना, बाई? बोलवा. ॲम्ब्युलन्स पण बोलवा."

"मी तक्रारीसाठी बोलावत होते!"

"कशासाठीही बोलवा, पण आत्ता बोलवा."

मी खाली बसून पत्रं टाकायच्या फटीतून आत पाहिलं. फरशीचा एक पट्टा, खुर्चीचा पाय, एक चप्पल. चप्पल उलटी पडलेली. मी फटीला तोंड लावून हाका मारल्या, पण त्या आवाजापुढे माझा आवाज मलाच ऐकू येईना. आतून कोणी उत्तर दिलं असतं तरी कळलं नसतं. आमच्या आणि त्यांच्या मध्ये तो सॅक्सोफोन दारापेक्षा जाड भिंतीसारखा उभा होता.

"हे आधी बंद केलं पाहिजे," मी म्हणाले.

"बंद कसं करणार? आत जाता येत नाही तर!"

पण जिन्याच्या वळणावर लाकडी फळीवर सगळ्या घरांची विजेची मुख्य बटणं आहेत. मी धावले. चिठ्ठ्या पुसट झालेल्या. आमचं कोणतं ते माहीत होतं, त्याच्या शेजारचं ओढलं. मागे सॅक्सोफोनने एकदम मान टाकली. किंकाळी घसरत खाली आली, जाड झाली, आणि थांबली.

इमारत इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती. ह्यांच्या गालावरचा फेस फुटताना ऐकू आला असता. मी दाराला कान लावला. काही नाही. बाईंच्या हातातल्या फोनमधून कोणीतरी पत्ता विचारत होतं आणि बाई त्यालाच "गप्प बसा!" म्हणाल्या.

मग आलं. टक्. थोडं थांबून, टक्. लाकडावर काहीतरी कठीण आपटत होतं, अगदी दमलेल्या हाताने.

हे टक् मी सकाळपासून ऐकत होते. इस्त्री करताना ऐकत होते. तबकडीवरच्या ओरखड्याचं असेल, असं धरून चालले होते.

"काका, आम्ही आलोय! हलू नका!"

बाईंनी फोनमध्ये पत्ता सांगितला, शाल माझ्या हातात दिली आणि ह्यांना म्हणाल्या, "बघताय काय? खांदा लावा." हे दोघं, एक फेसाळलेला आणि एक सत्तरीची, दारावर आदळले. दार हसलं नुसतं. दुसऱ्यांदा आदळले. तिसऱ्या वेळी मीही लागले. कडीचे स्क्रू लाकडातून कुरकुरत सुटले आणि आम्ही तिघं आत जवळजवळ पडलोच.

काका कपाटापाशी जमिनीवर होते. उंच स्टूल आडवं. वरच्या खणातली तबकडी काढायला चढले असणार. उजवा पाय मांडीपासून असा वळलेला की मी तिकडे दुसऱ्यांदा पाहिलं नाही. हातात घराच्या किल्ल्या, त्याच कपाटावर आपटत होते. चेहरा राखेच्या रंगाचा, कपाळ ओलं, हात थंडगार.

"वहिनी," ते म्हणाले. आवाज म्हणजे नुसती हवा. "तुम्ही बंद केलंत ना?"

"हो. बोलू नका, गाडी येतेय."

"मी पडलो तेव्हा धक्क्याने सुई उडाली आणि त्या खाचेत बसली." ते थांबत थांबत बोलत होते. "ओरडून पाहिलं. मग वाटलं, ओरडून काय उपयोग? माझ्या घरात ओरडणारा काय आज नवा आहे?" हसायला गेले, पण ओठ निळे पडले. "इथे पडल्या पडल्या विचार करत होतो, ह्या इमारतीत अडकलेलं आणि न अडकलेलं कोणाला ओळखता येईल?"

ह्यांनी उशी द्यायला काकांच्या मानेखाली हात घातला, तर बाईंनी अडवलं. फोनवरच्या माणसाने त्यांना बजावलं होतं, हलवायचं नाही, पाणी द्यायचं नाही, अंगावर पांघरूण घाला आणि काही झालं तरी झोपू देऊ नका. रक्त आत वाहत असलं तर झोप वाईट. बाईंनी माझ्याकडून स्वतःची शाल घेऊन काकांवर घातली आणि जमिनीवर फतकल मारून बसल्या.

"डोळे उघडा," त्या म्हणाल्या. "वर्गात झोपायचं नाही."

काकांनी उघडले.

"तुमच्या मुलीचं नाव काय? ती कुठे असते?"

काकांनी सांगितलं. हे तिला फोन करायला बाहेर गेले. बाईंनी तिचं वय विचारलं, जावई काय करतो विचारलं, लिफ्टच्या कंपनीत लागले तेव्हा साहेब कोण होता विचारलं. प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा आखूड होत गेलं. मी त्यांचा हात चोळत होते आणि खिडकीखालच्या रस्त्यावर कान लावून होते. खाली एक मोटार थांबली, तिचं दार लागलं, पण ती आमच्यासाठी नव्हती.

"डोळे!" बाई म्हणाल्या. ह्या वेळी त्यांच्या आवाजातली पट्टी मोडली होती. "अहो, ऐका ना. काय केलं म्हणजे जागे राहाल? सांगा, काहीही सांगा. मी करते."

काकांनी डोळे अर्धे उघडले. ते बाईंच्या मागे, कोपऱ्यातल्या रेकॉर्ड प्लेअरकडे बघत होते.

"वहिनी, वीज लावा," ते म्हणाले. "आणि बाई, ती सुई त्या खाचेच्या पुढे ठेवा. मला पुढचं ऐकायचंय."